परदेशात स्थानिक माणसाचं घर भाड्यानं घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीहून निघणाऱ्या कुटुंबांसाठी

मुलगी शिकायला जर्मनीत, जावई दुबईत, म्हणून आई-वडील, आजी, धाकटा भाऊ असे पाच-सहाजण एकदम परदेशी निघतात, हे आता सीमाभागातल्या घराघरांत दिसतं. एवढ्या माणसांना हॉटेलच्या तीन खोल्या परवडत नाहीत, आजीला मऊ भात लागतो, आणि रात्री सगळ्यांना एकत्र बसून जेवायचं असतं. तिथल्याच माणसाचं अपार्टमेंट आठवडाभर भाड्यानं घेणं हा त्यावर चांगला उपाय आहे. फक्त हॉटेलात अडचण आली की खाली रिसेप्शनवर माणूस असतो, इथं नसतो. म्हणून बहुतेक काम पैसे भरायच्या आधीच उरकावं लागतं.

पायरी १: आधी तिथला कायदा, मग घराचे फोटो

बहुतेकजण फोटोपासून सुरुवात करतात. उलटं करा. त्या शहरात थोड्या दिवसांसाठी घर भाड्यानं देणं कायदेशीर आहे का, आणि असल्यास नोंदणी क्रमांक कसा दिसतो, हे आधी बघा. बेकायदा घर घेतलं तर दंड बहुधा मालकाला होतो, पण दाराशी बॅगा घेऊन उभं राहायची वेळ आपल्यावर येते. आयत्या वेळी बुकिंग रद्द होतं आणि त्याच भावात दुसरं घर मिळत नाही.

सिंगापूरचा विचारच सोडा. तिथं खासगी घर कमीत कमी तीन महिन्यांसाठी आणि सरकारी एचडीबी फ्लॅट सहा महिन्यांसाठीच भाड्यानं देता येतो. चार दिवसांसाठी कुणी 'माझा फ्लॅट आहे' म्हणाला तर नको म्हणा. थायलंडमध्ये कॉन्डो (खासगी इमारतीतला फ्लॅट) ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं देणं हॉटेल कायद्यात बसत नाही. तशा जाहिराती भरपूर दिसतात, पण इमारतीच्या लॉबीत 'रोजच्या भाड्यानं देण्यास मनाई' अशी पाटीही असते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी घरमालक स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच चालतात. म्हणजे सहाजणांच्या कुटुंबाला अख्खं घर तिथं कायदेशीरपणे मिळत नाही.

जिथं परवानगी आहे तिथं क्रमांक मागा. जपानमध्ये १५ जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं घरगुती मुक्कामाला वर्षात १८० दिवसांची मर्यादा आहे. त्याचा नोंदणी क्रमांक 'एम' अक्षरानं सुरू होतो, तो नसेल तर हॉटेल-परवान्याचा क्रमांक हवा. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक घराला सीआयएन हा राष्ट्रीय क्रमांक बंधनकारक आहे, आणि तो जाहिरातीत तसाच इमारतीबाहेरही लावावा लागतो. पॅरिसच्या घराला १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. बार्सिलोनाच्या पर्यटक घरांचा क्रमांक 'एचयूटी'नं सुरू होतो, आणि तिथल्या पालिकेनं हे परवाने २०२८ नंतर चालू न ठेवण्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा तिथं जुन्या ओळखीवर विसंबू नका. पोर्तुगालमध्ये हाच नोंदणी क्रमांक 'एएल', ग्रीसमध्ये 'एएमए' नावानं असतो. दुबईत अशा घरांना 'हॉलिडे होम' परवाना लागतो आणि दर बेडरूममागे दर रात्री १० किंवा १५ दिरहॅम शुल्क वेगळं पडतं.

जाहिरातीत क्रमांक दिसत नसेल तर एकदा विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पुढचं घर बघा.

पायरी २: मालक खरंच तिथला आहे का

'स्थानिक घर' म्हणून मांडलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात एखादी कंपनी चालवते. त्यात बेकायदा काही नाही. पण गिझरचं बटण कुठं आहे हे सांगायला तिथं कुणी नसतं, आणि भाड्याचा पैसाही त्या गल्लीत राहत नाही. एअरबीएनबीसारख्या बुकिंगच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावावर क्लिक करून त्याच्या नावावर किती घरं आहेत ते पाहा. एक-दोन असतील तर घरगुती माणूस, चाळीस असतील तर धंदा. युरोपमधल्या घरांवर मालक व्यावसायिक आहे की खासगी, हे संकेतस्थळाला सांगावंच लागतं. ती ओळ जाहिरातीच्या तळाशी लहान अक्षरात असते.

पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना एकूण तारे सोडून द्या. गेल्या सहा महिन्यांतले अभिप्राय आणि सगळ्यांत कमी तारे दिलेले अभिप्राय वाचा. आवाज, गरम पाणी, जिना, वास, किल्ली हे शब्द शोधा. दोन वेगळ्या माणसांनी एकच तक्रार केली असेल तर ती खरी धरा.

पायरी ३: पैसे भरण्याआधी एक निरोप

संकेतस्थळाच्याच चॅटमध्ये, सोप्या इंग्रजीत, प्रश्नांना १, २, ३ असे क्रमांक घालून पाठवा. लांबलचक ओळख नको. मध्य युरोपातल्या मालकाला उन्हाळ्यात आपल्या दुपारी दीडला निरोप गेला तर तिथं सकाळचे दहा वाजलेले असतात आणि उत्तर लवकर येतं. इतकं विचाराच:

१. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी पायऱ्या चढाव्या लागतात? (जुन्या युरोपीय इमारतींत लिफ्टपर्यंत जायलाच सात-आठ पायऱ्या असतात, आणि लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग मावते. गुडघेदुखी असलेल्या आजीसाठी हा पहिला प्रश्न.)
२. खरे पलंग किती, सोफा-पलंग किती? 'सहाजणांसाठी' म्हणजे पुष्कळदा दोन पलंग आणि हॉलमधला उघडणारा सोफा.
३. शेगडी गॅसची, इंडक्शनची की साधी काचेची इलेक्ट्रिक?
४. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट धूर बाहेर सोडतो की गाळून आतच सोडतो?
५. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का? स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेकडे बरेचदा वेगळे पैसे पडतात.
६. गरम पाण्याची टाकी किती लिटरची? ८० लिटरच्या टाकीत सहाजणांच्या लागोपाठ अंघोळी होत नाहीत, दोघा-तिघांनंतर थांबावं लागतं.
७. रात्री उशिरा पोचलो तर किल्ली कशी मिळेल?

लहान मुलं धरून माणसांची खरी संख्या सांगा. 'मूल तर आहे, कशाला सांगायचं' हे चालत नाही. इमारतीच्या अग्निसुरक्षेचे आणि पोलिस नोंदीचे नियम माणशी असतात.

मजल्याबद्दल आणखी एक: अमेरिकेत आणि जपानमध्ये 'पहिला मजला' म्हणजे आपला तळमजला. युरोपात बहुतेक ठिकाणी आपल्यासारखंच मोजतात.

पायरी ४: एकूण रक्कम काढा

रात्रीच्या भाड्यावर घरं तोलू नका. सफाईचे पैसे एकदाच लागतात, म्हणून थोड्या दिवसांचा मुक्काम महाग पडतो. समजा भाडं रात्रीला ८० युरो आणि सफाई ६० युरो. दोन रात्रींचे २२० होतात, म्हणजे रात्रीला ११०. सहा रात्रींचे ५४०, म्हणजे रात्रीला ९०. दोनच रात्री राहायचं असेल तर हॉटेल स्वस्त पडू शकतं, हे मनमोकळं मान्य करावं. यात शहराचा पर्यटक कर मिळवा. काही ठिकाणी तो माणशी असतो, अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून भाड्याच्या १२.५ टक्के आहे.

कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, बँका ते मुळात बंद ठेवतात. ३.५ टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावरचं जादा शुल्क) घेणाऱ्या कार्डावर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. मशीननं 'रुपयांत भरू की युरोत' असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांतला दर तुमच्या तोट्याचा असतो.

पैसे संकेतस्थळाबाहेर कधीही देऊ नका. 'थेट बँकेत पाठवा, दहा टक्के सूट देतो' असा निरोप म्हणजे फसवणूक समजा. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: बुकिंग झाल्यावर त्याच चॅटमध्ये 'तुमचं कार्ड पडताळलं गेलं नाही, या लिंकवर चोवीस तासांत भरा' असा निरोप येतो. मालकाचं खातं चोरून तो पाठवलेला असतो. चॅटमध्ये आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर घालू नका. अ‍ॅप नव्यानं उघडून बुकिंगची स्थिती स्वतः बघा.

पायरी ५: व्हिसा आणि नावाचं स्पेलिंग

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, आणि ३०,००० युरोंचं विमा संरक्षण. भाड्याच्या घराची पावती चालते, पण तिच्यावर घराचा पूर्ण पत्ता, तारखा आणि सगळ्या प्रवाशांची नावं हवीत. एकट्या बुकिंग करणाऱ्याचं नाव असेल तर बाकीच्यांच्या अर्जावर शंका निघते. व्हिसा हातात यायच्या आधी फक्त रद्द करता येणारं बुकिंग करा, आणि रद्द करायची शेवटची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. खोटी पावती बनवून देणाऱ्या एजंटापासून दूर राहा. पकडलं गेलं तर नकार पासपोर्टच्या मागे लागतो.

आपल्या भागातल्या लोकांनी दोन गोष्टी जास्त जपायच्या. पहिली नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आद्याक्षरं उलगडून तिसरंच, असं इथं सर्रास असतं. बुकिंगवर पासपोर्टमधलं नावच अक्षरशः उतरवा. ओळख पडताळणीलाही आधार न देता पासपोर्ट द्या. जन्मगाव 'बेळगाव' आणि पत्ता 'बेळगावी' असला तरी बिघडत नाही, शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं आहे. दुसरी व्हिसा केंद्राची. पुणं जवळ वाटलं तरी पत्ता कर्नाटकातला असल्यानं काही देश बंगळूरच्या केंद्राकडेच अर्ज मागतात. तारीख घेण्याआधी त्या देशाचा नियम वाचा. जमिनीचा उतारा किंवा इतर कागद कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा.

बुकिंगनंतर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. त्यात वावगं काही नाही. आपल्या लॉजवर जशी ओळखपत्राची नोंद होते तशीच ती. इटलीत पाहुण्यांची माहिती पोलिसांना २४ तासांत कळवावी लागते, थायलंडमध्ये 'टीएम ३०' या अर्जावर तीच मुदत आहे. स्पेनमध्ये २ डिसेंबर २०२४ पासून घरचा पत्ता, फोन, आणि लहान मुलांचं सोबतच्या मोठ्यांशी असलेलं नातंही द्यावं लागतं. पासपोर्टचे फोटो मात्र संकेतस्थळाच्या चॅटमधून किंवा सरकारी फॉर्मवरच द्या, आणि पानावर 'फक्त मुक्काम नोंदीसाठी' असं लिहून तारीख टाका.

पायरी ६: तारीख इथं चुकते

विमान १० तारखेला रात्री सुटतं आणि ११ च्या पहाटे दोनला उतरतं. घर ११ पासून घेतलं तर दुपारी तीनपर्यंत बाहेर बसावं लागेल. अशा वेळी मुक्काम १० पासूनच घ्या आणि मालकाला 'आम्ही १०ची रात्र उलटून पहाटे चारला पोचू' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तुम्ही आलाच नाही असं समजून तो बुकिंग बंद करू शकतो. सकाळी आठला उतरणाऱ्या विमानासाठी एक जादा रात्र घेण्याऐवजी 'बॅगा अकरा वाजता ठेवू दे' एवढी विनंती पुरते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बंगळूर किंवा मुंबईला जाऊन पुढचं विमान पकडताना दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर पोचण्याची वेळ पुढे ढकलली जाऊ शकते, त्याची कल्पना मालकाला आधीच द्या.

पायरी ७: पहिला तास

किल्ली बहुधा दाराजवळच्या आकड्यांच्या कुलूपपेटीत असते. आकडा, इमारतीच्या मुख्य दाराचा कोड, घराचा पत्ता तिथल्या लिपीत, आणि पेटीचा फोटो हे सगळं इंटरनेटशिवाय उघडेल असं फोनमध्ये ठेवा, शिवाय एका कागदावर. टॅक्सीवाल्याला जपानी किंवा थाई लिपीतला पत्ता लागतो.

आत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी सलग एक व्हिडिओ काढा: भिंती, फरशी, शेगडीची काच, गादी, खिडक्या, न्हाणीची फरशी, नळाखालचं कपाट. आधीचा ओरखडा, डाग, फुटकी टाइल दिसली तर फोटो लगेच चॅटमध्ये पाठवा. मग गरम पाणी, शेगडी, फ्लश, कुलूप तपासा. घरात गॅसचा गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का पाहा, आणि न्हाणीचा झरोका कधीही बुजवू नका. एअरबीएनबीनं ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी घातली आहे. आत कॅमेरा दिसला तर फोटो काढून तक्रार करा.

दाराचा स्वभाव ओळखा. युरोपातली पुष्कळ दारं नुसती ओढली की बंद होतात आणि बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. आतून कुलपात किल्ली अडकवून ठेवलीत तर बाहेरून दुसरी किल्ली बऱ्याचदा चालत नाही. रविवारी रात्री कुलूपवाला बोलावला तर शेकडो युरो जातात.

पायरी ८: स्वयंपाकघर

सगळ्यांत जास्त भांडणं आणि कापलेल्या अनामत रकमा इथल्याच. म्हणून सावकाश वाचा.

इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. घरातून निघण्याआधी भांड्याच्या बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर चालेल. दोन-तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर चार-पाच माणसांना पुरतो. तो चेक-इन बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडवतात. शिट्टी आणि रबर वेगळ्या पिशवीत ठेवा. लोखंडी तवा इंडक्शनवर उत्तम चालतो, पण काचेवर सरकवायचा नाही, उचलूनच ठेवायचा. एका ओढीत पडलेला ओरखडा जात नाही आणि काच बदलायचा खर्च तुमच्या नावावर येतो. ज्वाळा नसल्यानं भाकरी जाळावर फुगवता येत नाही. तव्यावरच उलटून, स्वच्छ फडक्यानं कडा दाबत भाजली की बरी होते. काचेवर जाळी ठेवून फुलका फुगवायचा प्रयत्न करू नका. आणि भाकरी सकाळी सहाला थापू नका. लाकडी फरशीच्या इमारतीत तो धप्प धप्प आवाज खालच्या घरात छतातून येतो. परातीखाली ओला जाड टॉवेल दुमडून ठेवला तर आवाज निम्म्यानं कमी होतो.

घरचा मिक्सर जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्टवर नीट चालत नाही, नेऊ नका. युरोप आणि दुबईत व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त प्लग वेगळा. ब्रिटन, दुबई, सिंगापूरला तीन चपट्या पिनांचा लागतो. इटलीत साधारण घराला ३ किलोवॉटचीच वीजजोडणी असते. इंडक्शन, गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मीटरचा खटका पडून वीज जाते, आणि तो मीटर कधीकधी तळघरात असतो. एका वेळी एकच मोठं यंत्र लावा.

फोडणीचं तंत्र असं: पाच मिनिटं आधी एक्झॉस्ट लावा. तो धूर गाळून आतच सोडणारा असेल तर खिडकी उघडणं भागच आहे. तेल कमी, आच मध्यम, मोहरी तडतडली की लगेच झाकण, आणि तिखट शेवटी, आच बंद केल्यावर. झोपायच्या खोल्यांची दारं बंद ठेवा. अलार्म वाजला तर टॉवेलनं हवा हलवून धूर खिडकीकडे न्या. घराचं मुख्य दार जिन्याकडे मुळीच उघडू नका. जिन्यातला अलार्म पुष्कळ इमारतींत थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि विनाकारण आलेल्या बंबाचा खर्च पाहुण्यावर येऊ शकतो. अलार्मवर पिशवी बांधणं हा काही ठिकाणी गुन्हा ठरतो, शिवाय जिवाशी खेळ.

हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर त्याच क्षणी पुसा. नॉनस्टिकला लाकडी उलथणं वापरा. तळणीचं तेल मोरीत न ओतता बाटलीत भरून कचऱ्यात टाका.

सोबत काय न्यायचं? पीठ, पोहे, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, डाळी बंद पाकिटात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे बेळगावचा कुंदा आणि घरचं तूप राहू द्या. गोकाकचा करदंट न्या, पण पाकिटावरचे घटक वाचून घ्या. ताजा कढीपत्ता आणि हिरवी मिरचीही युरोपात प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, सावलीत वाळवलेला कढीपत्ता चालतो. दुबई-सिंगापूरला जाताना मसाल्यात खसखस नसावी, तिथं ती अमली पदार्थांच्या नियमात येते. ऑस्ट्रेलियाला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा.

पायरी ९: न्हाणी

युरोप-अमेरिकेत न्हाणीच्या फरशीला बहुधा पाणी जायला वाट नसते, फक्त शॉवरच्या चौकटीत असते. बादली-तांब्यानं बाहेर बसून अंघोळ केली की पाणी लाकडाखाली मुरतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतो. ही भरपाई सगळ्यांत मोठी असते. अंघोळ चौकटीच्या आतच, पडदा टबच्या आत सोडून, आणि बाहेर पाय पुसायला जाड टॉवेल. वयस्कर माणसाला टबमध्ये चढता येत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सपाट शॉवर असलेलं घर शोधा. संडासात जेट नसतो, हातात धरायचा लहान प्रवासी स्प्रे किंवा प्लॅस्टिकचा तांब्या न्या. कागदाशिवाय काहीही फ्लश करू नका. केसांना तेल लावून झोपणार असाल तर घरची जुनी उशीची खोळ वर चढवा.

शेजारी आणि कचरा

जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. त्या वेळात वॉशिंग मशीनही नको. कपडे धुवायला एका फेरीत दोन-तीन तास लागतात, यंत्र बिघडलेलं नसतं. दुबईत रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणं पालिकेच्या नियमाविरुद्ध आहे. जपानमध्ये कचऱ्याचे प्रकार आणि त्यांचे वार ठरलेले असतात, भिंतीवरचा तक्ता मोबाइलनं भाषांतर करून पहिल्याच दिवशी वाचा. जर्मनीत प्लॅस्टिकच्या बाटलीमागे बहुधा २५ सेंट परत मिळतात, त्या फेकू नका.

अडचण आली तर, आणि निघताना

घर जाहिरातीसारखं नसेल तर गप्प राहून शेवटी तक्रार केल्यानं काही मिळत नाही. एअरबीएनबीवर अडचण दिसल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते. आधी मालकाला चॅटमध्ये फोटोसह, मग कंपनीला. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश चॅटमध्ये लिहा, पुरावा तोच. जिवाचा प्रश्न असेल तर युरोपात ११२, जपानमध्ये रुग्णवाहिकेला ११९, दुबईत पोलिसांना ९९९ आणि रुग्णवाहिकेला ९९८.

निघायच्या आदल्या रात्री भांडी, फ्रीज आणि कचरा उरकून ठेवा. सफाईचे पैसे दिलेत म्हणून उष्टी भांडी ठेवायची नसतात. सकाळी शेगडी गार असताना काच पुसा, खिडक्या लावा, गिझरबद्दल मालकानं सांगितलं असेल तसं करा, आणि पहिल्या दिवशीच्याच क्रमानं पुन्हा व्हिडिओ काढा. काही फुटलं असेल तर आपणहून सांगा. पेला फुटल्याचं सांगितलं तर घरगुती मालक पुष्कळदा पैसे घेत नाही. शेवटी किल्ली पेटीत ठेवून, आकडे फिरवून, पेटीचा फोटो वेळेसह पाठवा. मालकाला नुकसानीचा दावा करायला एअरबीएनबीवर मुक्काम संपल्यापासून १४ दिवस असतात आणि तुम्हाला उत्तर द्यायला २४ तास, म्हणून घरी परतल्यावर दोन आठवडे ते अ‍ॅप रोज उघडून बघा आणि दोन्ही व्हिडिओ तोवर पुसू नका.